दरेकसाच्या कातळाचं कूळ

गोंदियाहून डोंगरगडकडे निघालेली पॅसेंजर आमगाव सोडते तेव्हा दोन्ही खिडक्यांतून नुसत्या धानाच्या बांध्या दिसत असतात. सालेकसा जवळ आलं की टेकड्या दिसू लागतात. मग रूळ वळणं घेऊ लागतात, जंगल दाटतं आणि गाडी दरेकसाला थांबते. पुढे बोगदा, बोरतलाव, पानियाजोब आणि मग डोंगरगड. नवरात्रात ही गाडी बम्लेश्वरीच्या दर्शनाला निघालेल्या भाविकांनी खच्चून भरलेली असते. दारात उभे असलेले लोक डोंगरावरचं देऊळ दिसताच हात जोडतात.

भूवैज्ञानिकाला याच मार्गावरच्या पाट्या वेगळ्या वाचता येतात. त्याच्या लेखी आमगाव हे एका अतिप्राचीन पट्टिताश्माचं, म्हणजे नाइस खडकाच्या समूहाचं नाव आहे. हा खडक या टापूचा पाया मानला जातो. बोरतलाव हे वाळूच्या आणि गोट्यांच्या थरांचं नाव. डोंगरगड हे ग्रॅनाईटचं, आणि सगळ्या खडकांच्या मोठ्या समूहाचंही. या सगळ्यांच्या मधोमध आहे ‘बिजली रायोलाइट’. हा खडक ज्वालामुखीतून उसळून आलेला आहे आणि एका गावाचं नाव घेऊन देशोदेशींच्या संशोधनपत्रिकांत पोचला आहे. धनबादच्या एस. एन. सरकार यांनी १९५०च्या दशकात या टापूचा नकाशा मांडला, तेव्हापासून भंडारा-दुर्ग पट्ट्यातली ही गावं भूविज्ञानाच्या कोशात जाऊन बसली.

महाराष्ट्राचा दगड म्हटलं की डोळ्यांपुढे काळा बेसाल्ट येतो. सह्याद्री त्याचा, गडकोट त्याचे, वेरूळ-अजिंठा त्यातच कोरलेलं आणि घरातला पाटा-वरवंटाही त्याचाच. त्याचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. दरेकसाचा हा बिजली रायोलाइट २५० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तो थिजला तेव्हा पृथ्वीच्या हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता. जमिनीवर गवताची काडी नव्हती, समुद्रात मासा नव्हता. एवढा जुना ज्वालामुखी आपल्या राज्याच्या पूर्व टोकाला आहे आणि शाळेच्या पुस्तकात त्याला एक ओळसुद्धा मिळत नाही, ही खरोखर खेदाची गोष्ट आहे.

* * *

ग्रॅनाईट आणि रायोलाइट ही सख्खी भावंडं. दोघांचं रसायन जवळपास सारखं: सिलिका भरपूर, पोटॅशियम-सोडियम बऱ्यापैकी, लोह-मॅग्नेशियम थोडं. फरक पडतो तो थंड होण्यात. साखरेचा पाक भांड्यात दोऱ्याला लागून दिवसेंदिवस निवांत बसू दिला की खडीसाखरेचे ठसठशीत खडे धरतात. तोच पाक कडक करून ताटात ओतला की चिक्कीसारखा काचेरी पातळ थर होतो, त्यात खडा दिसत नाही. जमिनीखाली काही किलोमीटर खोल, लाखो वर्षं हळूहळू निवलेला शिलारस म्हणजे ग्रॅनाईट. त्यातले गारगोटीचे, फेल्डस्पारचे आणि अभ्रकाचे कण नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसतात. तोच रस वर फुटून आला, राखेसकट पसरला, झटकन थिजला की रायोलाइट. डोंगरगडच्या भागात ग्रॅनाईटने काही ठिकाणी या रायोलाइटमध्येच शिरकाव केलेला आढळतो.

(स्वयंपाकघरातल्या ओट्याचा ‘काळा ग्रॅनाईट’ इथे मनात आणू नये. त्या नावाने विकला जाणारा दगड बहुतेक वेळा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे बेसाल्टचाच चुलतभाऊ. खरा ग्रॅनाईट फिका असतो: करडा, पांढुरका, गुलाबी.)

कोडं आहे ते पुढे. पृथ्वीचं प्रावरण वितळलं की त्यातून बेसाल्टचा रस निघतो, ग्रॅनाईटचा निघत नाही. मग खंडांचं अंग ज्याने भरलं आहे तो ग्रॅनाईट आला कुठून? वाटा मुख्यतः दोन. बेसाल्टचा रस खोलवर हळूहळू निवत जातो, जड खनिजं आधी खाली बसतात आणि उरलेला थोडा रस ग्रॅनाईटसारखा होतो. किंवा आधीच तयार असलेलं जुनं कवच खालच्या उष्णतेने पुन्हा वितळतं आणि त्यातून ग्रॅनाईटचा रस पाझरतो. पहिल्या वाटेने पृथ्वीच्या कवचात नवी भर पडते. दुसऱ्या वाटेने जुन्याच सोन्याचा मोडून नवा दागिना घडतो. आणि दोन्ही वाटांचा शेवटचा दगड हातात घेतला तर तो सारखाच दिसतो. साध्या रासायनिक पृथक्करणातही फरक चटकन सापडत नाही.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. दगडाचं कूळ मात्र विचारल्याशिवाय खंड कसे वाढले याचा हिशेबच लागत नाही.

* * *

तो हिशेब लावतात समस्थानिकं. एकाच मूलद्रव्याचे, रसायनात सारखे वागणारे पण वजनाने किंचित वेगळे अणू. मधात उसाची साखर मिसळली तर चव फसवते, पण उसातल्या कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण फुलांतल्या कार्बनपेक्षा वेगळं असल्याने प्रयोगशाळेत भेसळ पकडता येते. ऊस गाळला, रस आटवला, साखर केली, तरी ती खूण पुसली जात नाही. खडकाचंही तसंच. खडक वितळला की मूलद्रव्यांची वाटणी बदलते. स्ट्राँशियमसारख्या जड मूलद्रव्याच्या समस्थानिकांचं आपसांतलं प्रमाण मात्र वितळताना बदलत नाही. ते आईकडून मुलाकडे जसंच्या तसं येतं.

या कामातली सर्वांत जुनी जोडी रुबिडियम आणि स्ट्राँशियमची. रुबिडियम-८७ किरणोत्सारी आहे आणि त्याचं हळूहळू स्ट्राँशियम-८७ होतं. किती हळू? निम्मं रुबिडियम सरायला जवळपास ४,९६० कोटी वर्षं लागतात, आणि पृथ्वीचं वय आहे सुमारे ४५० कोटी. रुबिडियमला वितळलेल्या रसाबरोबर वर जायची ओढ जास्त, त्यामुळे युगानुयुगं ते खंडांच्या कवचात साठत गेलं आणि प्रावरणात कमी राहिलं. कवच जितकं जुनं तितकं त्यात स्ट्राँशियम-८७ साचलेलं. आजच्या महासागरतळाच्या बेसाल्टमध्ये स्ट्राँशियम-८७ आणि ८६ यांचं गुणोत्तर ०.७०३च्या आसपास असतं. जुन्या खंडीय कवचात ते ०.७१च्या पुढे, कधी बरंच पुढे जातं. तिसऱ्या दशांशस्थळावरचा हा फरक म्हणजे दगडाच्या घराण्याची सही.

पद्धत देखणी आहे. एकाच शिलारसातून जन्मलेले पाच-दहा नमुने घ्यायचे. त्यांतलं रुबिडियम कमीजास्त असतं, म्हणून स्ट्राँशियमही कमीजास्त साठलेलं असतं. आलेखावर टिंबं मांडली की ती एका रेघेत येतात. रेघेचा चढ वय सांगतो. रेघ उभ्या अक्षाला जिथे टेकते तो आकडा जन्मावेळचं गुणोत्तर सांगतो. एकाच रेघेवर जन्मतारीखही आणि कूळही.

१९८१ मध्ये एस. एन. सरकार, के. गोपालन आणि जे. आर. त्रिवेदी यांनी भंडारा-दुर्ग पट्ट्यातल्या खडकांची अशी वयं प्रसिद्ध केली. बिजली रायोलाइटचं वय आलं २१८ कोटी वर्षं, डोंगरगड ग्रॅनाईटचं २२७ कोटी. त्या काळात भारतात अशी मोजमापं करू शकणाऱ्या प्रयोगशाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्या मोजमापांनी मध्य भारताच्या भूविज्ञानाला आकड्यांचा आधार दिला. पुढच्या दशकात अणुखनिजांचा शोध घेणाऱ्या पी. कृष्णमूर्ती आणि सहकाऱ्यांनी ग्रॅनाईटचं वय पुन्हा काढलं. ते आलं २४६ कोटींच्या पुढे. एकाच ग्रॅनाईटच्या दोन वयांत जवळपास २० कोटी वर्षांची तफावत पडली.

आकड्यात चूक कुणाचीच नव्हती. घड्याळ गळकं होतं. रुबिडियम आणि स्ट्राँशियम दोन्ही पाण्यात विरघळून इकडेतिकडे जाणारी मंडळी. रायोलाइटमधली काच कालांतराने मुरते, तिचे बारीक स्फटिक होतात. पुढे कधी डोंगर घडताना गरम पाणी खडकाच्या फटींतून फिरतं आणि आधीचा साठा हलवून टाकतं. घड्याळ पूर्ण थांबत नाही, पण त्याचे काटे मागे सरकलेले असतात. २१८ कोटी हा आकडा रायोलाइटच्या जन्माचा असण्यापेक्षा त्याच्यावर नंतर आलेल्या एखाद्या संकटाची खूण असण्याची शक्यता जास्त. आणि वयच हललं, तर त्याच रेघेवरून वाचलेल्या कुळावरही पूर्ण भरवसा टाकता येत नाही.

* * *

न गळणारं घड्याळ हवं होतं. ते मिळालं झिरकॉनमध्ये.

दागिन्यांत बसवतात तो ‘जरकन’ वेगळा, तो बहुधा कारखान्यात बनलेला असतो. खडकातला झिरकॉन म्हणजे झिर्कोनियम सिलिकेट. ग्रॅनाईटमध्ये याचे कण डोळ्यांना दिसतही नाहीत. लांबी सहसा मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाइतकी. पण कणखर असा की खडक झिजून वाळू झाला, वाळूचा पुन्हा खडक झाला, तरी हा शाबूत राहतो. स्फटिक जमताना तो युरेनियमला जागा देतो आणि शिशाला दारातून परत पाठवतो. म्हणून आज त्याच्यात सापडणारं शिसं हे जवळपास सगळं युरेनियमच्या क्षयातून तिथेच जन्मलेलं. त्यातही दोन घड्याळं शेजारी शेजारी चालतात. युरेनियम-२३८चं शिसं-२०६ होतं, अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं. युरेनियम-२३५चं शिसं-२०७ होतं, अर्धायुष्य ७० कोटी वर्षं. दोन्हींनी सारखं वय सांगितलं तर साक्ष पक्की. नाही सांगितलं तर काहीतरी गळलं आहे हे लगेच कळतं.

हे कण काढायचं काम बघण्यासारखं असतं. कड्यावरचा उन्हापावसाने सडलेला भाग घणाने उडवून आतला ताजा दगड घ्यायचा, दहा-वीस किलो. पोत्यावर नमुन्याचा क्रमांक शाईने लिहायचा. प्रयोगशाळेत जबड्याच्या यंत्रात तो भरडतात, चाळतात आणि मग हलत्या, तिरप्या टेबलावर पाण्याच्या पातळ धारेखाली सोडतात. गारगोटीची घनता साधारण २.६५, झिरकॉनची ४.६च्या पुढे. हलकं वाहून जातं, जड मागे रेंगाळतं. सोनारगल्लीतली माती धुऊन झारेकरी ज्या रीतीने सोन्याचा कण धरतात, तीच ही रीत. पुढे लोहचुंबकाने लोहयुक्त खनिजं काढायची, मग जड द्रवात उरलेला माल सोडायचा. त्यात फेल्डस्पार तरंगतो आणि झिरकॉन तळाशी बसतो. वीस किलोच्या पोत्यातून शेवटी काचेच्या बशीत चिमूटभर धूळ उरते. सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने त्यातला एकेक कण उचलायचा. दोन्ही टोकं निमुळती, रंग फिका पिवळसर किंवा गुलाबीसर, आणि कुठे आत भेग तर नाही ना, हे पाहायचं. मान अवघडते, डोळे चुरचुरतात. शे-दीडशे कण रांगेने चिकटवले की त्यावर राळ ओतायची आणि वाळली की अर्धा कण झिजेपर्यंत घासून गुळगुळीत करायची.

आता इलेक्ट्रॉनच्या माऱ्याखाली कण उजळतो आणि झाडाच्या खोडासारखी त्याची वलयं दिसू लागतात. बारीक, एकसारखी वलयं म्हणजे शिलारसात शांतपणे वाढलेला कण. कधी मधोमध एक वेडावाकडा, झिजलेला गाभा असतो आणि त्याच्याभोवती नवी वलयं. तो गाभा परका, म्हणजे जो खडक वितळून हा रस झाला त्या पूर्वजाचा. आजीच्या जुन्या मण्याभोवती नातीने नवी माळ ओवावी तसा. कूळ शोधणाऱ्याला याहून सरळ पुरावा मिळत नाही. या वलयांवर नेमका केसाच्या निम्म्या जाडीइतका ठिपका निवडून आयनांचा किंवा लेझरचा मारा करतात आणि उडालेल्या अणूंचं वजन मोजतात. आयनांच्या माऱ्याचं पहिलं मोठं यंत्र कॅनबेरात बिल कॉम्पस्टन यांच्या गटाने १९८०च्या सुमारास उभं केलं. अख्खा खडक विरघळवून मोजण्याऐवजी एकाच कणाच्या पोटातली वेगवेगळी वलयं मोजणं शक्य झालं ते तेव्हापासून.

इतक्या सूक्ष्म शिशाचा माग काढताना एक मोठीच गोष्ट हाती लागली होती, ती सांगायलाच हवी. शिकागोत शिकत असताना क्लेअर पॅटरसन शिशाची समस्थानिकं मोजत होते आणि आकडे काही केल्या जुळत नव्हते. शिसं नमुन्यापेक्षा प्रयोगशाळेतच जास्त होतं: धुळीत, नळाच्या पाण्यात, त्यांच्या केसांत. त्यांनी अतिस्वच्छ खोली उभारली आणि १९५६ मध्ये उल्कांच्या साहाय्याने पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं ठरवलं. मग उरलेलं आयुष्य त्यांनी ते शिसं हवेत येतं कुठून याच्या मागे घालवलं. शिसेयुक्त पेट्रोलविरुद्धच्या लढ्यात त्यांची मोजमापं सर्वांत जड ठरली. भारतभर शिसेविरहित पेट्रोल आलं ते २००० साली.

दरेकसा-डोंगरगडच्या झिरकॉननी काय सांगितलं? २००४ मध्ये जे. जी. घोष यांनी बिजली रायोलाइटचं वय २५२ कोटी वर्षांच्या आसपास दाखवलं. पुढे दक्षिणेकडच्या कोटरी पट्ट्यातल्या ज्वालामुखी खडकांची आणि ग्रॅनाईटची वयंही २५० कोटींच्याच भोवती आली. म्हणजे रायोलाइट आणि ग्रॅनाईट एकाच घडामोडीतले. १९८१चा आकडा ३० कोटींहून जास्त वर्षांनी मागे पडला. वर्षांचं हे अंतर सह्याद्रीच्या वयाच्या चौपटीहून अधिक आहे.

* * *

वय ठरलं. कूळ राहिलं.

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यात, लाखलन पट्ट्यात, ब्रूस चॅपेल आणि ॲलन व्हाइट यांनी १९७४ मध्ये एक ठाम मांडणी केली. ग्रॅनाईट आपल्या उगमाची प्रतिमा घेऊन येतो, असं त्यांचं म्हणणं. काही ग्रॅनाईट जुन्या अग्निजन्य खडकांपासून आले, काही समुद्रतळाच्या गाळापासून. दोन वेगळी घराणी, आय आणि एस. जगभरच्या भूवैज्ञानिकांनी आपापल्या डोंगरांना ही अक्षरं लावली. पण तेहतीस वर्षांनी, २००७ मध्ये, टोनी केम्प आणि सहकाऱ्यांनी त्याच पट्ट्यातले झिरकॉन उघडले आणि वलयावलयाने हाफ्नियम व प्राणवायूची समस्थानिकं मोजली. ज्यांना शुद्ध अग्निजन्य घराण्याचं मानलं होतं त्या ग्रॅनाईटमध्येही गाळाचा अंश निघाला. एकाच कणाच्या आत, आतल्या वलयापासून बाहेरच्या वलयापर्यंत, प्रावरणातून आलेला रस आणि वितळलेला गाळ मिसळत गेल्याची नोंद होती. घराणी निखळ नव्हती. संकर आधीपासूनच होता.

हाफ्नियमचं महत्त्व साधं आहे. झिरकॉनमध्ये ते वजनाने एक टक्क्याच्या आसपास असतं, आणि ज्यातून किरणोत्सारी भर पडते ते ल्युटेशियम नगण्य असतं. त्यामुळे जन्मावेळचं गुणोत्तर त्यात जणू गोठून राहतं. निओडिमियमचं काम अख्ख्या खडकावर होतं. समेरियम-१४७चं निओडिमियम-१४३ होतं, अर्धायुष्य १०,६०० कोटी वर्षं. इथे स्ट्राँशियमच्या उलटं घडतं. कवचात समेरियमचा वाटा कमी पडतो, म्हणून जुनं कवच या गुणोत्तरात प्रावरणाच्या मागे राहतं. दहा हजारांत एक-दोन भागांचा हा फरक १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात डॉन डीपाओलो आणि जेराल्ड वासरबर्ग यांनी वापरात आणला. चंद्रावरचे खडक मोजण्यासाठी वासरबर्ग यांनी ‘लुनॅटिक’ नावाचं यंत्र बांधलं होतं. त्याच कसोशीची मोजमापं आता पृथ्वीच्या खडकांच्या कामी आली.

यातून ‘प्रारूप वय’ नावाची कल्पना आली आणि ती या सगळ्या शास्त्रातली सर्वांत हृद्य कल्पना आहे. झिरकॉन सांगतो खडक थिजला कधी. प्रारूप वय सांगतं की या खडकाचं द्रव्य प्रावरणाचं माहेर सोडून कवचात आलं कधी. दोन्ही आकडे जवळ असतील तर खडक नव्याने आलेल्या मालाचा. दोन्हींत शे-दोनशे कोटी वर्षांचं अंतर असेल तर तो जुन्या कवचाचा पुनर्जन्म, किंवा नव्या-जुन्याची सरमिसळ.

अमेरिकेत याचा एक लखलखीत प्रयोग झाला. मिसूरीच्या सेंट फ्रान्स्वा डोंगरात हत्तींसारखे एकामागे एक उभे असलेले गुलाबी ग्रॅनाईटचे गोल धोंडे आहेत, जवळच नदीने कोरलेला रायोलाइट आहे, वय सुमारे १४७ कोटी वर्षं. पण हा डोंगर म्हणजे पाण्यावर आलेलं हिमनगाचं टोक. असाच ग्रॅनाईट-रायोलाइटचा प्रचंड प्रदेश अमेरिकेच्या मध्यभागातल्या शेतांखाली, नंतरच्या गाळाखाली गाडलेला आहे. तो दिसतो फक्त विहिरी आणि तेलकूप खणताना वर आलेल्या तुकड्यांतून. रॅन्डी व्हॅन श्मस, पॅट बिकफर्ड आणि ए. टुरेक यांनी हे तुकडे जमवून त्यांतलं निओडिमियम मोजलं. १९९६ मध्ये त्यांनी नकाशावर एक रेघ ओढली. ती टेक्सासच्या बाजूने निघून मिसूरीतून ईशान्येला कॅनडाच्या दिशेने जाते. रेघेच्या वायव्येला खडकांची प्रारूप वयं १५५ कोटींपेक्षा जास्त, आग्नेयेला कमी. वरच्या ग्रॅनाईटचं वय, रंग, रसायन दोन्हीकडे सारखंच. पण एका बाजूला जुनं खंड वितळून तो झाला, दुसऱ्या बाजूला नुकत्याच जन्मलेल्या कवचातून. दीडशे कोटी वर्षांपूर्वीच्या खंडाचा किनारा मूठमूठभर दगडी चुऱ्यातून सापडला.

* * *

भारतात अशीच गोष्ट जोधपूरला आहे आणि ती जास्त माणसांच्या पायाखालून गेली आहे. राव जोधाने १४५९ मध्ये मेहरानगडाची पायाभरणी केली ती रायोलाइटच्या कड्यावर. किल्ल्याच्या भिंती वालुकाश्माच्या, पण खालचा राकट, लालसर-तपकिरी कातळ ज्वालामुखीचा. डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी १८७७ मध्ये बाडमेरकडच्या मालाणी परगण्यावरून त्याला नाव दिलं. मालाणीचा हा ज्वालामुखी पसारा ५० हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे, वय ७७ कोटी वर्षं. किल्ल्याच्या पायथ्याचा राख वितळून घट्ट झालेला थर राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. शेजारच्या राव जोधा उद्यानात झाडं लावायची ठरली तेव्हा या कातळात खड्डे पडेनात. शेवटी ‘खंडवालिया’ म्हणून ओळखले जाणारे पिढीजात खाणकामगार बोलावले. ते दगडावर हातोडा मारून आवाज ऐकत, कान देऊन भेग कुठे आहे ते सांगत, आणि तिथेच पहार लागे.

मालाणीच्या झिरकॉनमध्ये प्राणवायूने वेगळीच हकिगत सांगितली. प्राणवायू-१८ हा जड भाऊ, १६ हा हलका. प्रावरणातून थेट आलेल्या रसात या दोघांचं प्रमाण दाखवणारा झिरकॉनचा आकडा ५.३च्या आसपास असतो. गाळ वितळून मिसळला तर तो चढतो. मालाणीत तो ५.३च्या खाली उतरलेला सापडला. आकडा असा खाली उतरवणारी मुख्य गोष्ट म्हणजे तापलेलं पावसाचं पाणी. म्हणजे रस होण्याआधी तो मूळ खडक पृष्ठभागाजवळ होता, त्याच्या भेगांतून पावसाचं पाणी तापून फिरत होतं आणि आपला हलका प्राणवायू त्याला देत होतं. मग तो खडक खाली दबला, वितळला, रायोलाइट होऊन पुन्हा वर आला. पाण्याच्या घोटासाठी मैल तुडवणाऱ्या मारवाडच्या कातळात ७७ कोटी वर्षांपूर्वीचा पाऊस आहे.

हीच कमी आकड्याची खूण सेशेल्सच्या ग्रॅनाईटमध्ये मिळाली. भर हिंदी महासागरात असलेली माहे आणि प्रालँ ही बेटं अशा ग्रॅनाईटची आहेत, वय ७५ कोटींच्या आसपास. महासागरातली बहुतेक बेटं बेसाल्टची किंवा पोवळ्यांची, तेव्हा इथे ग्रॅनाईट हे मोठंच आश्चर्य. लुईस ॲशवाल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्यांचं निओडिमियम मोजलं. माहेचा करडा ग्रॅनाईट मुख्यतः प्रावरणातून नव्याने आलेल्या मालाचा निघाला. प्रालँच्या गुलाबी ग्रॅनाईटमध्ये एका फार जुन्या कवचाचा अंश होता. तो राजस्थानातल्या अतिप्राचीन पट्टेदार नाइससारख्या खडकाचा असावा, असं त्यांनी सुचवलं. सेशेल्स भारतापासून तुटलं ते दख्खनच्या लाव्हानंतर, सुमारे सव्वासहा कोटी वर्षांपूर्वी. त्याआधी ते आजच्या मुंबईच्या किनाऱ्याशेजारी होतं. २०१७ मध्ये वेई वांग आणि सहकाऱ्यांनी मालाणीच्या कमी आकड्याची तुलना दक्षिण चीनमधल्या त्याच काळच्या खडकांशी केली आणि हे दोन्ही भूभाग तेव्हा एकमेकांना लागून होते, या म्हणण्याला बळ दिलं. फुटून विखुरलेल्या कुटुंबातली माणसं ओळखावीत तसं हे काम चाललं आहे.

* * *

डोंगरगडकडे परत येताना आता थोडं दक्षिणेला पाहायला हवं. दल्ली-राजहरा म्हटलं की भिलाईच्या पोलाद कारखान्याला जाणारं लोहखनिज आणि शंकर गुहा नियोगींची कामगार चळवळ आठवते. त्याच दल्ली-राजहराच्या परिसरातल्या ग्रॅनाईटचे झिरकॉन २००९ मध्ये मोजले गेले. वय आलं ३५८ कोटी वर्षं. भारतातल्या सर्वांत जुन्या खडकांत त्याची गणना होते. आणि तो पोटॅशियमने श्रीमंत, खराखुरा ग्रॅनाईट आहे. असा ग्रॅनाईट होण्यासाठी वितळायला त्याहूनही जुनं कवच लागतं. म्हणजे पृथ्वी शंभर कोटी वर्षांची होता होताच बस्तरच्या भूमीत कवच मोडून पुन्हा घडवण्याचं काम सुरू झालेलं होतं. डोंगरगडचे ज्वालामुखी पेटले ते त्यानंतर शंभर कोटींहून अधिक वर्षांनी.

कोटरी पट्ट्यातल्या झिरकॉनमधलं हाफ्नियम या जुन्या कवचाचा हात दाखवतं. बिजली रायोलाइट आणि डोंगरगड ग्रॅनाईट यांच्या रसात प्रावरणातून आलेली उष्णता होती आणि जुन्या खंडाचं वितळलेलं द्रव्यही होतं. वाटा कुणाचा किती, आमगावच्या नाइसचा त्यात सहभाग किती, हे ठरायला दरेकसाच्या प्रत्येक थरातून आणखी कण काढावे लागतील. त्यासाठी कडे शाबूत राहायला हवेत. जोधपूरच्या कातळाला जो मान मिळाला तो दरेकसाच्या कातळालाही मिळावा, एवढी त्याची योग्यता निश्चित आहे.

याच टेकड्यांत कचारगडची गुहा आहे. गोंड समाज आपल्या कुळांचा, गोत्रांचा उगम या जागेशी जोडतो. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायतड यांच्या कथा इथल्याच. माघ पौर्णिमेच्या सुमाराला महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगण अशा चहूकडून लोक येतात. पिवळे फेटे, झेंडे, ढोल आणि कडेवर पोरं घेऊन ते दरेकसाच्या फलाटावर उतरतात आणि धनेगावच्या वाटेने डोंगराकडे चालू लागतात. एरवी त्या फलाटावर फारशी वर्दळ नसते. हातोडा आणि नमुन्यांची पोती घेऊन कुणी गोंदियाच्या गाडीची वाट पाहत बसलेलं असलं तर तिथलं माणूस सहज विचारतं, दगड कशाला नेता?